मामाच्या गावावरून गेलेली रेघ

साखर कारखान्याच्या उभारणीवर असताना दादाला पुण्याला पाठवून क्रिटिकल पाथ मेथड शिकवली, आणि तेव्हापासून त्याचं बोलणं घरात कुणाला धड कळेना. प्रत्येक काम म्हणजे एक बाण. हे झाल्याशिवाय ते होत नाही, अशी बाणांची साखळी. सगळ्यात लांब साखळी लाल पेन्सिलीनं काढायची, कारण तिच्यातलं एक काम अडलं की अख्खा कारखाना अडतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. हे सगळं तो चुलीपुढे बसून आईला समजावायचा आणि आई भाकरी थापता थापता हूं हूं करायची.

कारखान्याचा बॉयलर त्या रेघांमुळेच वेळेत बसला, असं त्याचं म्हणणं होतं. मग काय, माझं लग्न ठरल्यावर त्याने त्याचाही नकाशा काढला आणि आष्ट्याजवळच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर खळीनं चिकटवला. मांडव, पापड, सांगलीहून आणायची भांडी, रुखवत, सगळ्यांचे बाण. वडिलांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि हे कुठल्या धरणाचं काम निघालंय, असं विचारलं. पापड वाळायला किती वेळ धरू, असं दादा आईला विचारायचा, आणि आई आभाळाकडे बोट दाखवायची. मी तर हसून हसून बेजार व्हायची.

पण एका गोष्टीचं हसू मला येत नव्हतं. माझा धाकटा भाऊ फौजेत होता. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, आणि तो कान माझ्या धाकट्यानंच पिळायचा, एवढा एकच हट्ट मी धरला होता. लहानपणी भांडताना त्याने माझेच कान पिळून सराव केला होता. त्याची रजा मोजकी, आणि त्या रजेत बसणारा मुहूर्त एकच, तोही रजेच्या शेवटच्या दिवसाचा. तो चुकला तर पुढची रजा कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. चुलतभाऊ पिळेल की कान, असं दादा सहज म्हणून गेला, तर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

लाल रेघ दादाने काढली होती ती दागिने आणि मांडवावरून. मामाचं आमंत्रण हा कोपऱ्यातला बारकासा बाण होता, भरपूर सवड असलेला. म्हणून त्याने इतरांबरोबर मामालाही पत्रिका पोस्टानं धाडून दिली. आमच्याकडे लग्नाची पहिली अक्षत देवाला आणि दुसरी मामाला. तीही घरच्या माणसानं नारळ घेऊन, उंबऱ्यात उभं राहून द्यायची. मामा मिरजेच्या पलीकडे, कर्नाटकाच्या सीमेला लागून राहायचा. त्याने आल्यागेल्याबरोबर सांगावा धाडला, की पोस्टमन तुमचा जवळचा दिसतो, त्यालाच मांडवात उभा करा.

मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्याकडे जात नाही. आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"माझ्या भावाला पोस्टानं बोलवलंस व्हय रं?"

दादा नकाशापुढे उभा राहिला. वडील मेव्हण्याची मनधरणी करणाऱ्यातले नव्हते. दादा स्वतः गेला, तर मामाने त्याला ओसरीवरच चहा पाजून परत लावला. मुहूर्त जवळ आला आणि घरातला आवाजच गेला. पापड तळायचं कुणी नाव काढेना. मी रात्रंदिवस धास्तावलेली.

अशात धाकटा आला. ट्रंक ओसरीवर ठेवली, सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायला आणि तसाच खाकी कपड्यांत नारळ घेऊन मामाकडे निघून गेला. लगेच परत येईल म्हणून मी दारात बसले. तो लगेच आला नाही. मामा विरघळला होता, पण विरघळलेला मामा भाच्याला सोडतो होय? त्याला जेवू घातलं, मळ्यात फिरवलं, पाव्हण्यारावळ्यांना दाखवलं. रुसवा पुरता निघावा म्हणून धाकटाही राहिला. माझ्या वाट्याची त्याची रजा मामाच्या ताटावर संपत होती, आणि मी इथे नुसती जळत होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामाची बैलगाडी दारात आली, आणि पुढे बसून धाकटा कासरा धरून होता. दादाने गुपचूप लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर नवी रेघ ओढली, थेट मामाच्या गावावरून.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. होमाशेजारी धाकट्याने माझ्या नवऱ्याचा कान धरला. लोक थट्टा करत होते, जोरात पिळ म्हणत होते. त्याने पिळलाच नाही. नुसता धरून वाकला आणि हळूच म्हणाला, "दाजी, मला रजा लवकर मिळत न्हाई. तवा जपा हिला."

नवऱ्याने मान हलवली. तेवढीच त्या दोघांची ओळख.

माझं सासर फलटणकडचं. धाकट्याला त्याच संध्याकाळी आगगाडी गाठायची होती. सांगलीचं स्टेशन जवळ असूनही, तेवढीच माझी सोबत म्हणून तो वऱ्हाडाच्या बसमध्येच चढला. सरळ फलटणला जायचं सोडून नवऱ्याने ड्रायव्हरला बस लोणंदच्या स्टेशनवरून घ्यायला लावली. माझ्या नवऱ्यावर मी पहिल्यांदा प्रेम केलं ते तिथे.

वाटभर धाकटा माझ्या शेजारी बसला होता. इतक्या दिवसांचं साठलेलं बोलायचं होतं, पण भरल्या बसमध्ये आम्ही दोघं उसाचे फड बघत बसलो. लोणंदला तो उतरला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि मागे न बघता चालू लागला. बस सुटली आणि मला रडू आवरेना. सासूबाईंनी पदरानं माझे डोळे पुसले. माहेर सुटलं की असंच होतं, म्हणाल्या. मी मागे वळले. बसच्या मागच्या काचेतून माझं माहेर स्टेशनाकडे चाललेलं मला दिसत होतं.