आईची एकदाणी आणि मेटल डिटेक्टर

आई गेल्यावर बाबा नांदेडच्या घरात एकटे राहू शकणार नाहीत, हे आम्हा दोघी बहिणींना दिसत होतं. ते विसरायला लागले होते. गॅस चालू ठेवून फिरायला जायचे, परतताना दुसऱ्याच गल्लीत शिरायचे. धाकटीचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणून मी त्यांना टेक्सासला, अर्विंगला घेऊन आले. विमानात त्यांनी सगळा वेळ एक हात छातीशी धरून ठेवला होता. मला वाटलं, दुखतंय. पण बंडीच्या आतल्या खिशात आईची एकदाणी होती, सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. धाकटीच्या मुलीच्या लग्नात ती तिला घालायची, असं आई सांगून गेली होती. तोवर बाबांना ती स्वतःजवळ हवी होती. आम्हीही मागितली नाही.

आमच्या घरामागे कुंपणापर्यंत थोडी मोकळी जागा होती. आल्या आल्या बाबा तिथे उकिडवे बसले आणि गवताखालची माती चिमटीत घेऊन चोळली.

"ही तर आपलीच काळी हाय गं माय," म्हणाले.

खरंच तशीच होती. पावसात बुटाला लोंदे चिकटवणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिकडे लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला पाइपने पाणी देतात, नाहीतर माती आकसते आणि भिंतींना तडे जातात. मी हे सांगितलं तेव्हा बाबा हसले. "घराला पाणी पाजता होय?"

मग घरातल्या वस्तू कमी व्हायला लागल्या. आधी चमचे. मग गाडीची जादा किल्ली, नवऱ्याचं घड्याळ, मुलीचं पोहण्याचं मेडल. एक दिवस मी घरूनच काम करत होते. मीटिंग चालू असताना खिडकीतून बाहेर पाहिलं, तर बाबा कुंपणाजवळ उलथन्याने खड्डा करत होते. त्यांनी काहीतरी आत ठेवलं, माती लोटली, पायाने दाबली, वर वाळका पाला पसरला आणि त्याच्यावर बसून राहिले. राखणीला बसावं तसे.

ते आत येऊन झोपल्यावर मी तिथे उकरलं. मोज्यात गुंडाळलेली गाडीची किल्ली निघाली. मी घरात येऊन त्यांची बंडी चाचपली. खिसा रिकामा होता.

"बाबा, आईची एकदाणी कुठंय?"

"ठेवली."

"कुठं ठेवली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकी बाई आहे आणि घरात घुसून हे विचारते आहे. "नीट ठेवली," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

आम्ही नवरा-बायको कुदळ घेऊन कुंपणाच्या कडेने बरंच खणत गेलो. चमचे सापडले. बाकी काही नाही. त्या दिवसांत ऊन असं होतं की माती विटेसारखी झाली होती, कुदळ उडायची. रात्रीचं जेवण करताना नवरा म्हणाला, "मेटल डिटेक्टर घेऊ या ना. सगळं यार्ड खणण्यापेक्षा बरं."

आमच्यापैकी कुणी तसलं यंत्र कधी हातात धरलं नव्हतं. नवऱ्याची सवय अशी की साधा मिक्सर घ्यायचा तरी आठवडाभर रिव्ह्यू वाचायचे. त्याने व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. कुठला मातीत चांगला चालतो, कुठला नवशिक्याला जमतो. मला मात्र ते नको वाटत होतं आणि का ते सांगता येत नव्हतं. कुलपं लावली होती, गॅसचं बटण काढून ठेवलं होतं, दाराला घंटी बसवली होती. आता त्यांच्या मागून यंत्र घेऊन फिरायचं? दुसरीकडे धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. धाकटीला मी अजून काही कळवलं नव्हतं.

मुलगी हायस्कूलला होती. तिने ताटातून मान वर न करता सांगितलं, "आजोबांनी तुम्हाला डिग करताना पाहिलं, तर ही विल जस्ट मूव्ह इट."

"म्हणून तर डिटेक्टर पाहिजे," नवरा म्हणाला.

दोन घरं सोडून एक निवृत्त गृहस्थ राहायचे. ते दर रविवारी आपला डिटेक्टर घेऊन तळ्याकाठी जायचे. नवऱ्याने त्यांना विचारलं तर म्हणाले, इतक्यात विकत घेऊ नका, आधी माझा नेऊन बघा. त्यांनी हेही सांगितलं की नव्या घरांच्या मागे बिल्डरने टाकलेले खिळे ढिगाने असतात, यंत्र सारखं वाजत राहतं. आणि बारीक सोनं असेल तर त्याचा आवाज चॉकलेटच्या चंदेरी कागदासारखाच येतो. तेव्हा फार आशा ठेवू नका. माणूस प्रामाणिक होता.

शनिवारी सकाळी बाबा टीव्हीसमोर डुलकी घेत होते. नवऱ्याने कानाला हेडफोन लावले, दांडा हातात घेतला आणि तबकडी गवतावरून डावी-उजवीकडे फिरवत कुंपणाच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी मागून खुरपी घेऊन. पहिल्यांदा वाजलं तिथे खिळा. मग कोल्ड्रिंकच्या डब्याचं झाकण. मग पुन्हा खिळा. चौथ्यांदा मुलीचं मेडल निघालं आणि आम्ही दोघंही हसलो. आता सापडेल असं मला वाटायला लागलं. मी त्याला म्हटलं, "चालेल हं हे, घेऊन टाकू आपला."

तेवढ्यात मागचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला.

बाबा अनवाणी उभे होते. नवऱ्याच्या हातातल्या दांड्याकडे पाहत होते. दांडा जमिनीवरून फिरत होता. हेडफोनमुळे नवऱ्याला काही ऐकू येत नव्हतं, तो चालतच होता.

"मालक," बाबा म्हणाले. "मालक, काही नाही हो इथं."

मी वळले. ते दोन्ही हात जोडून पुढे आले आणि नवऱ्याच्या वाटेत आडवे पडले, पोटावर, तोंड मातीत. "काहीच नाही हो मालक. गरिबाघरी काय असणार. लेकराला माहीत नाही काही. लेकराला सोडा."

माझे बाबा कोर्टात बेलिफ होते. भल्याभल्यांच्या वाड्यावर जाऊन, ताठ उभं राहून त्यांनी हुकूम बजावलेले होते. त्यांना कुणाला मालक म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बाबा, मी आहे, मी," असं म्हणत नवरा खाली वाकला, पण यंत्र त्याच्या हातातच होतं.

"ते खाली ठेव आधी!" मी ओरडले. "लांब ठेव ते!"

त्याने ते कुंपणापाशी फेकलंच. आम्ही दोघांनी बाबांना उठवायचा प्रयत्न केला. ते गवत धरून होते. पायजमा ओला झाला होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यांनी माझा चेहरा निरखून पाहिला आणि बारीक आवाजात म्हणाले, "माय, मी नाही सांगितलं. तुझी शप्पथ, नाही सांगितलं."

माय म्हणून ते मला लहानपणापासून हाक मारत. पण त्या वेळी ते मला हाक मारत नव्हते.

मी आत्याला फोन लावला. ती परभणीला असते, बाबांपेक्षा मोठी. घडलेलं सांगितलं.

"त्यानं तुला कधीच नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"काय?"

"आम्ही धम्म घेतला अन् मेलेली ढोरं ओढायची बंद केली. मग गावानं दळण बंद केलं, विहीर बंद केली. मायला वाटलंच होतं हे लोक येतील म्हणून. तिनं तांब्याची घागर अन् चांदीचे वाळे घरात पुरले. जागा एकट्या याला दाखवली. म्हणली, कुणालाबी सांगू नको. मग आले ते दुपारी. हातात पहारी. भुई टोचत टोचत फिरले घरभर. ठक्क वाजलं की तिथं उकरायचे."

"तू होतीस?"

"मी कणगीमागं होते. आमच्या बापाला खांबाला बांधलं अन् याला पुढं उभा केला. कुठंय सांग, म्हणले. नाही सांगितलं त्यानं. एवढंसं लेकरू गं. ते विचारायचे अन् बापाचा हात पिरगाळायचे. कोपरातून मोडला हात. ह्याला समोर ऐकू आलं ते."

"आणि घागर?"

"घागर राहिली ना. ती घेऊन तर गाव सोडलं आम्ही."

आजोबांचा तो हात मी पाहिलेला आहे. माझ्या लहानपणी ते डाव्या हाताने जेवायचे. मी विचारलं की घरातले म्हणायचे, बैलगाडीवरून पडले.

नवऱ्याने यंत्र त्याच दिवशी परत दिलं. कॉम्प्युटरवर उघडून ठेवलेली यंत्रांची पानं बंद केली. घ्यायचं नाही, असं आम्ही एकमेकांना म्हटलंसुद्धा नाही. उलट मी स्वस्तातले स्टीलचे चमचे आणून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. बाबा ते नेऊन पुरायचे. ज्या दिवशी काही पुरायला मिळालं, त्या दिवशी ते जेवायचे नीट आणि झोपायचेही.

एकदाणीचं मी धाकटीला सांगितलं. लग्नात तिने मुलीला दुसरी माळ केली. फोटोत सगळे हसताना दिसत होते.

बाबा पुढे उठेनासे झाले. मग गिळता येईना. पुढच्या हिवाळ्यात फुप्फुसात पाणी झालं आणि हॉस्पिटलमध्येच ते गेले. शेवटी शेवटी ते कुणालाच ओळखत नव्हते. नर्स रक्त काढायला हात धरायची तेव्हा तेवढे ओरडायचे. आमच्या ओळखीची पाच-सात मराठी कुटुंबं पांढरे कपडे घालून आली, वंदना झाली, कुणीतरी वरण-भात करून आणला होता.

धाकटीने महिनाभर वाट पाहिली आणि मग फोनवर विचारलं, "ताई, आता तरी शोधशील? आता बाबांना काही दिसणार नाही."

तिचं खरंच होतं. मी दुसऱ्याच दिवशी फ्रीवेने डॅलसच्या एका दुकानात गेले. विक्रीला उभा असलेला मुलगा हौशी होता. काय शोधायचंय, त्याने विचारलं, नाणी, जुन्या वस्तू की सोनं? मी म्हटलं, सोनं, आमच्याच घरामागे. पहिलाच डिटेक्टर का? हो म्हटल्यावर त्याने एक हलका दांडा माझ्या हातात दिला, कोपराखालचा पट्टा बांधला आणि गालिच्यावर स्वतःची अंगठी टाकली. हळूहळू फिरवा म्हणाला, जमिनीच्या जवळून, पण टेकवू नका. मी फिरवला. अंगठीवर तो वाजला.

"बघा, किती सोपं आहे," तो म्हणाला.

मी आणखी एकदा फिरवायला गेले आणि हात हलेना. दुखत वगैरे काही नव्हतं. मी पट्टा सोडला, यंत्र काउंटरवर ठेवलं, थँक यू म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. त्या जमिनीवरून मला असं चालता येणार नव्हतं. बाबा नव्हते, तरी नाही. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, तर मला खिडकीतून बघावं लागलं असतं.

धाकटीला मी खरं तेच सांगितलं.

"म्हणजे तू ते हातात घेतलंस आणि परत ठेवलंस?"

"हो."

"तू गेलीस अमेरिकेला, आईचं सगळं मी केलं. तिचं तेवढंच माझ्याकडे यायचं होतं, ताई."

आत्याने सांगितलेलं मी तिला सांगितलं होतं. तिने ते ऐकलं होतं, रडलीही होती. पण बाबांना मातीत पडलेलं तिने पाहिलं नव्हतं. आणि आईला शेवटचे सहा महिने मी भरवलं नव्हतं.

पुढे नवऱ्याची नोकरी गेली आणि नवी मिळाली ती दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला. घर विकायला काढलं. सामान बांधताना त्याने एकदा विचारलं, "शेवटचं बघायचं का? भाड्याने मिळतो म्हणे." मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

वर्षभराने त्या शेजारच्या गृहस्थांचा फोन आला. नवे मालक मागे स्विमिंग पूल करत होते. मोठं मशीन आणून कुंपणापर्यंत सगळं खणलं होतं आणि माती ट्रकने नेली होती. ते म्हणाले, मी दोन दिवस कुंपणापाशी उभा राहून बघत होतो, तुमचं काही निघतंय का. चमचे बरेच निघाले. माती कुठे टाकली ते विचारू का ठेकेदाराला? मी म्हटलं, नका विचारू. त्यांनी स्विमिंग पूलचा फोटो पाठवला. निळंशार पाणी होतं.

हे मी धाकटीला सांगितलेलं नाही. ती आता सणावाराला फोन करते, तब्येत विचारते, ठेवते. मागच्या महिन्यात तिच्या मुलीला मुलगी झाली, तेव्हा मात्र खूप वेळ बोलली. बाळाचं नाक आईसारखं आहे म्हणाली. ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, ते घर घेतलेले लोक चांगले आहेत का गं? एकदा त्यांना विचारून बघ ना, शोधू देतात का."

मी म्हटलं, "बघते."