फाटकापाशी चालू इंजिन

आमच्या कंपनीच्या मोटारीचे ड्रायव्हर चाकणकडचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. चाकांतली हवा बघून, एअर फिल्टर झटकल्याशिवाय त्यांची गाडी हलत नसे. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच, पण गाडी शिकलो ती मामांच्या हाताखाली.

"सायेब, पेट्रोल टाकीत न्हाई, पायात असतंय. अलगद दाबा."

रेल्वे फाटक बंद दिसलं की ते इंजिन बंद करायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा राव! उभ्या बैलाला कुणी चाबूक मारतं व्हय?"

एका मे महिन्यात मामांच्या बायकोला शेतात साप चावला. कंपनीच्या साहेबांनी गाडी दिली, तिला मागच्या सीटवर निजवून मामा दवाखान्याकडं निघाले, मीही सोबत. फाटक लागलं आणि सवयीनं मामांनी किल्ली फिरवली. फाटक उघडलं तेव्हा तापलेलं इंजिन सुरूच होईना. लोकांनी गाडी ढकलत नेली, तेव्हा कुठं ते सुरू झालं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात."

मामा अजून रोज हवा बघतात, पाय अलगदच ठेवतात. परवा फाटकापाशी नवा कारकून म्हणाला, "मामा, उगाच पेट्रोल जळतंय की!"

मामा रुळांकडे बघत म्हणाले, "जळू द्या."