सरांचे शब्द परत आले तेव्हा

बोलता बोलता सर मध्येच थांबायचे, उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. शब्द येतोय."

मग आम्ही थांबायचो. स्टाफरूममध्ये चहा निवायचा, वर्गात पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, घाटात अडकला असेल!" सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण बोटं काही खाली आली नाहीत. शब्द आला तेव्हा तो इतका भारदस्त होता की निम्म्या वर्गाला कळलाच नाही.

लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात सर मराठी शिकवत, मी भूगोल. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती. सर पन्नाशीला आले होते आणि गेली कित्येक वर्षं एकच कादंबरी लिहीत होते. तिच्यात धुकं फार होतं. डोंगर उतरायलाच धुक्याला दोन पानं लागायची. सर एकेक प्रकरण मला वाचून दाखवायचे. मी मान डोलवायचे, कारण माणूस फार चांगला होता. प्रकाशक "भाषा समृद्ध आहे" असं म्हणून ती परत पाठवत. सर म्हणत, "मॅडम, एकदा अजून हात फिरवतो."

गावाला मात्र लेखक म्हणून सरच ठाऊक होते. कुणाच्या मंगलाष्टका, कुणाची श्रद्धांजली, कुणाच्या वाढदिवसाचा फलक, सगळं सरांकडे. एका रिसॉर्टवाल्याला पाहुण्यांसाठी स्वागतगीत हवं होतं. सर दोन दिवस हैराण. "मॅडम, 'चेक-आउट' वृत्तात बसत नाही हो," असं त्यांनी इतक्या कळवळून सांगितलं की मला हसावं की समजूत काढावी कळेना.

सर मूळचे आंदर मावळातले. आई अजून तिकडेच, एक म्हैस आणि थोडी भातखाचरं सांभाळून होती. पण सरांच्या बोलण्यात गावाचा मागमूस नव्हता. शिकायला पुण्याला गेले तेव्हा वसतिगृहात त्यांच्या 'न्हाई'ला आणि 'कुटं'ला पोरं हसली होती. तेव्हापासून सरांनी जीभ अशी घासूनपुसून घेतली की आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात.

एके दिवशी दुपारी सर शिकवता शिकवता थांबले. बोटं वर झाली. वर्ग सवयीनं थांबला. कुणीतरी खुसखुसलं. मी शेजारच्या वर्गात नकाशा लावत होते. पलीकडची शांतता जरा जास्तच लांबली, आणि मग एक मुलगी ओरडली, "सरांचं तोंड बघा!" मी धावले. सर फळ्याला टेकून उभे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळ्यांत नुसतं आश्चर्य.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, हळूहळू पाय चालू लागला. उजवा हात मात्र लुळा पडला आणि भाषा गेली. समोरचं सगळं कळत होतं, पण त्याचं नाव सापडत नव्हतं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, पाण्याचा पेला पुढे केला. सर म्हणाले, "खडू." आपण चुकलो हे त्यांना समजलं. पुन्हा जोर लावला. "खडू." मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

वाचोपचार करणाऱ्या बाई चित्रांची कार्डं घेऊन यायच्या. पतंग, कप, छत्री. मराठीचा विभागप्रमुख माणूस कपाच्या चित्राकडे बघत बसायचा आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहायचं. वहिनी बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाल्या, "यांच्याजवळ शब्दांशिवाय दुसरं काय होतं हो?"

मग गावाहून आई आली. पिशवी खाली ठेवली, खाटेच्या कडेला बसली आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "काय रं, भूक लागली का?"

"लागली," सर म्हणाले.

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. "बोलतुय की!" ती म्हणाली. "तुमी काय बाय इचारत असाल त्याला."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. लहानपणीची बोली खोल रुजलेली असते, एखाद्याला तीच आधी सापडते. घरी सोडल्यावर आई सरांना गावाला घेऊन गेली. कार्डांचा सराव वहिनी सुट्टीच्या दिवशी जाऊन घ्यायच्या. बाकीचे दिवस आईचे. ती त्यांना गोठ्यात न्यायची, बांधावर न्यायची. "ह्ये काय हाय?" "दावं." "आन् ह्ये?" "खाचर." नाही आलं तर ती सांगून मोकळी व्हायची आणि पुढे चालायची.

पावसाळा सरल्यावर मी वहिनींबरोबर गेले. एसटी जिथवर जाते तिथवर एसटीनं, पुढे पायी. सर ओट्यावर बसले होते. मला बघून काठी टेकत उठले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी? बसा. लय दिस झालं."

मी बसायचं विसरले. माझ्याशी एवढी वर्षं बोलणारे ते हेच का? आवाज तोच होता. पण तो असा कुठून येतोय, इतका मोकळा, ते मला कळेना.

सरांना परत शिकवायचं होतं. प्राचार्य अवघडले. "मराठीचा तास, आणि या भाषेत?" सर म्हणाले, "ही बी मराठीच हाय." प्राचार्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. एक तास घेऊन बघू, असं ठरलं.

त्या तासाला मी मागे बसले होते. सर काठी टेकवत आले, खुर्चीत बसले. "पोरांनो, मला आता मोठं बोलाया येत न्हाई. एकेक शब्द येतुय. तुमी थांबाल का?"

पुढच्या बाकावरच्या पोरानं वही मिटून बाजूला ठेवली.

सर आईबद्दल सांगू लागले. पावसात भात लावणारी आई, वाकलेली, आणि पाठीवर... शब्द अडला. डावा हात डोक्यावरून पाठीवर फिरला.

"रेनकोट?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई."

"छत्री? घोंगडी?"

"न्हाई, न्हाई."

खिडकीजवळ आंदर मावळातलीच एक मुलगी बसायची. हजेरीपलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती उभी राहिली. "इरलं, सर."

"इरलं!" सर ओरडले. "व्हय! पानाचं इरलं!" आणि एकट्या हातानं टाळी कशी वाजवायची म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली. त्या मुलीला हसू आवरेना. मग इरलं म्हणजे काय, ते कसं विणतात, हे तीच सांगत राहिली, तिच्या घरच्या बोलीत. कुणी हसलं नाही. भूगोलाच्या तासाला मावळातल्या पावसाचे आकडे मी कितीदा फळ्यावर लिहिले असतील; तो पाऊस मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला.

सरांनी जुनी कादंबरी बांधून माळ्यावर टाकली. डाव्या हातानं नवं लिहायला घेतलं. तीन-चार शब्दांची वाक्यं. आई, म्हैस, पाऊस, भूक. एका छोट्या प्रकाशकानं ते काढलं. पुस्तक एवढंसं, पण वाचून झाल्यावर मी ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. धुकं त्यातही होतं. एकाच वाक्यात. "धुकं आलं, आय दिसंना."

पुढच्या वर्षी दुसरा झटका आला. या वेळी वाट बघण्यासारखं काही उरलं नाही.

सरांचं दिवसकार्य झाल्यावर मी गावाला गेले. आईनं चहा दिला आणि आतून पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "मला वाचता येत न्हाई. तू वाच."

मी वाचायला लागले. जरा वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आसं न्हाई, बाई. शाळंतल्यावानी नको. त्यो बोलायचा तसं वाच."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. माझी जीभ अडखळत होती, 'हाय'च्या जागी 'आहे' येत होतं. ती प्रत्येक वेळी हळूच दुरुस्त करायची. मग हळूहळू जमायला लागलं तशी तिनं दुरुस्त करणं थांबवलं, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"व्हय," ती म्हणाली. "आता बोलतुय."