दस्त्यावरचे आकडे

पॉलिशवाल्याचा हात म्हणजे काय चीज होती, ते जुन्या लोकांना विचारा. त्याच्या हाताखालून गेलेल्या टेबलात बघून लोक भांग पाडत. पन्नास वर्षं त्याने लाकूड घासलं. लाकडावर डाग, चरा, खड्डा असं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवत. माणसाचा एखादा गुण असा असतो की तोच त्याच्या मुळावर येतो.

त्याचा सासरा शिपाई होता. निदान तो तरी तसं सांगे. युद्ध संपल्यावर पलटणीने जुन्या बंदुका निकामी करून ज्याच्या त्याला देऊन टाकल्या, त्यात त्याला त्याची मिळाली. आघाडीवरच्या गोष्टी तो इतक्या रंगवून सांगे की गल्लीने त्याचं नावच 'गोळीबार' ठेवलं. "काय गोळीबार, आज किती लोळवले?" असं पोरंटोरंसुद्धा विचारत. हा डेपोत बटाटे सोलत होता, बंदूक भंगारातून उचलली, असं लोक आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावरही म्हणू लागले. म्हातारा ते हसण्यावारी न्यायचा. त्याची मुलगी, म्हणजे पॉलिशवाल्याची बायको, मात्र कधी हसली नाही. "आमचे बाबा खोटं बोलायचे नाहीत," एवढंच ती म्हणे, आणि विषय काढणाऱ्याच्या घरी पुन्हा पाऊल टाकत नसे.

यंदा चौकात लढलेल्यांच्या नावांची शिळा बसायची होती. बापाचं नाव त्यावर यावं म्हणून ती कचेरीत अर्ज घेऊन गेली, तर त्याच नावाचे सात शिपाई निघाले. गाव, वय, बापाचं नाव लिहिलेली वही कधीच आगीत गेलेली. उरले होते सात सैनिक क्रमांक आणि प्रत्येकासमोर त्याची नेमणूक. दोघं आघाडीवर. बाकीचे पाच डेपोच्या फाटकाबाहेरही गेले नव्हते. "तुमचे कोणते, ते शुक्रवारपर्यंत पुराव्यानिशी कळवा," म्हणून कारकुनाने यादी तिच्या हातात दिली. पुरावा म्हणजे बंदूक, दुसरं होतं काय? नवरा-बायको ती चादरीत गुंडाळून संग्रहालयातल्या पारख्याकडे घेऊन गेले.

पारखी चाळिशीतला, मोजकं बोलणारा. त्याने बोल्ट बाहेर काढला, नळीत बारीक दिवा सोडला, एकेका भागावरचा नंबर भिंगाखाली ताडून पाहिला. "सगळे नंबर जुळतात. कारखान्याचा शिक्काही खरा. भंगारातून जोडलेली नाही ही." बायकोचा चेहरा असा फुलला की पॉलिशवाल्याला वाटलं, लग्नातसुद्धा ही इतकी खूश नव्हती.

मग पारख्याने बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दिवा तिरपा धरला. "हे कोणी घासलं?"

"मी," पॉलिशवाला म्हणाला. अभिमानानेच म्हणाला बिचारा. "तीन प्रकारचा पॉलिश पेपर मारला. वर लाखेचे चौदा हात."

"काका, लोखंडावर असतो तो बंदुकीचा नंबर. शिपायाचा नंबर लाकडावर ठोकायचे. इथे." पारख्याने बोट ठेवलं तिथे बोटाचं प्रतिबिंब दिसत होतं. "घासली नसती तर संग्रहालयानेच चांगले पैसे मोजले असते. आता दहावा हिस्साही येणार नाही."

पैशांचं बायकोने ऐकलंच नाही. ती आकडे आठवत होती, पण आठवत नव्हते. घरात रोज दिसणारी वस्तू कोण नीट बघतं?

पॉलिशवाल्याला आकडे नाही, पण ते घासणं मात्र सगळं आठवलं. सासरा गेल्यावर ती तासन्‌तास त्या बंदुकीसमोर बसे. तिला बरं वाटावं म्हणून त्याने आठवडाभर धंदा बंद ठेवून बंदूक नवी कोरी केली. दस्त्यावर काहीतरी ठोकलेलं होतं. आकडेच होते, पण त्याच्या नजरेला ते चरे. सहजी निघेनात, तसा तो हात धुऊन त्यांच्या मागे लागला. बंदूक बघून तिने त्याचे दोन्ही हात डोळ्यांना लावले होते. आज त्याला त्याच हातांची किळस आली.

"आठवतात का आकडे?" पारख्याने विचारलं.

बायकोने पिशवीतून यादी काढून नवऱ्यापुढे पसरली. "बघा ना. नीट बघा. शेवटचे तुम्हीच तर पाहिलेत."

सात ओळी. एकही ओळखीची वाटेना. आघाडीवरच्या दोन कोणत्या, ते मात्र समोरच लिहिलेलं होतं. त्याने मन घट्ट करून त्यातल्या एकीवर बोट टेकवलं. "हा. हाच होता."

पारख्याने पेनाचं टोपण काढलं. बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, तिच्यापासून काय लपणार? तिने त्याचं बोट धरून कागदावरून उचललं.

"राहू द्या, साहेब. ह्यांना आठवत नाहीये."

पारख्याने दाखल्यावर लिहिलं की बंदूक अस्सल आहे, कोणाकडे होती ते सांगता येत नाही.

बसथांब्यावर चादरीतली बंदूक दोघांच्या मध्ये टेकवलेली होती. त्यांची बस येऊन गेली तरी ती उठली नाही, आणि त्याला उठवायचा धीर झाला नाही.

"अगं, बोट कशाला काढलंस?" शेवटी तो म्हणाला. "त्या दोघांतलेच एक असणार बाबा. मला खात्री आहे."

ती रस्त्याकडे बघत राहिली. "पाचांतलेही असतील," म्हणाली.

बापाबद्दल असं ती उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलली.