चढावर पहिला गिअर

“मंग इंजिन खोलायचंच का, मिस्तरी?”

उत्तमभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं. मी त्यांच्या गाडीचा डिझेल फिल्टर हातात धरून त्यात पाणी आहे का बघत होतो. पाणी नव्हतं. कचराही नव्हता.

“घाई काय आहे? इंजिन कुठं पळून चाललंय?”

“पळत न्हाई म्हणून तर आनलं!” बाकड्यावरून त्यांच्या बायको सुमनबाई म्हणाल्या.

माझं गॅरेज कनेरगाव नाक्यावर आहे. फक्त डिझेल गाड्या घेतो. उत्तमभाऊ जवळच्या तांड्यावरचे. थोडी शेती आणि एक जुनी पिकअप. सेकंडहँड घेतलेली, पण ठेवलेली नव्या सुनेसारखी. लग्नसराईत ते दिलीपशेठ नावाच्या मंडपवाल्याचं सामान वाहतात. पाइप, पडदे, खुर्च्या, कपबशांची खोकी. गाडीचं नाव पिकअप आणि तक्रार एकच, की पिकअप नाही. म्हणजे ओढ नाही.

ही तक्रार एका दिवसात आलेली नव्हती. नाक्यापुढचा चढ ही गाडी आधी भरल्या लोडनं तिसऱ्या गिअरवर चढायची. मग दुसरा लागायला लागला. आता पहिला.

“परवा तर एक म्हातारी शेळ्या घिऊन आमच्या पुढं निघून गेली,” सुमनबाई म्हणाल्या. “चार शेळ्या होत्या.”

“दोनच होत्या,” उत्तमभाऊ म्हणाले.

दिलीपशेठनं सकाळीच उत्तमभाऊंना फोनवर सांगून टाकलं होतं. उद्या सेनगावकडच्या लग्नाचं सामान वेळेत पोचलं नाही, तर हंगामाचं उरलेलं सगळं काम दुसऱ्या गाडीला. इंजिन खोललं तर गाडी आठवडाभर उभी राहणार. म्हणजे न खोलता दोष सापडला नाही, तर काम दोन्हीकडून गेलेलंच.

माझ्या तपासणीचा क्रम ठरलेला आहे आणि तो मी कुणासाठी बदलत नाही. आधी हवा, मग डिझेल, मग धूर, मग ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी इंजिनचं पोट. डिझेल इंजिनाला जळायला हवा लागते. एअर फिल्टर सोयाबीनच्या भुशानं बसला की इंजिन दमेकऱ्यासारखं वागतं. इथं फिल्टर स्वच्छ होता. डिझेलचं तर आताच बघितलं होतं. ब्रेक थोडे चिकटून राहिले तरी गाडी ओढत नाही, म्हणून फिरवून आणल्यावर चाकांना हात लावून पाहिला. सगळी चाकं थंड.

फिरवायला उत्तमभाऊच बसले. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसू दिलं नाही. गाडी लक्ष्मी आहे, आत चप्पल-बूट चालत नाहीत, आणि माझे पाय बुटासकट किंवा बुटाशिवाय त्यांना पसंत नव्हते. मी अनवाणी शेजारी बसलो. मागं मंडपाचे पाइप भरलेलेच होते. चढावर गाडी कण्हली, पहिल्या गिअरवर आली, आणि एक गोष्ट मला खटकली. मागं धूर नव्हता.

हवा कमी पडली तर काळा धूर निघतो. धूरच नाही, म्हणजे इंजिनाला डिझेलच कमी मिळतंय.

“मी म्हनलं न्हवतं? पंपवाला पानी घालून राहिला डिझेलमधी!” उत्तमभाऊ खूश झाले.

“आत्ताच बघितलं की फिल्टर. पाणी नाही.”

“मंग दिलीपशेठ. लोड जास्ती भरतो तो.”

“लोडचा धुराशी काय संबंध?”

“मंग तुमी सांगा!”

गॅरेजमध्ये आल्यावर बॉनेट उघडलं. या जुन्या गाडीत सेन्सरची भानगड नाही. पायाखाली पेडल, पेडलला केबल, केबलच्या टोकाला डिझेल पंपाचा लिव्हर. पेडल पूर्ण दाबलं की लिव्हर फिरून एका बोल्टला टेकतो. तो स्टॉपर. तिथं टेकला की इंजिनाला पूर्ण डिझेल. मी लिव्हर हातानं ओढून स्टॉपरला लावला. इंजिन असं गरजलं की बाकड्यावरच्या सुमनबाईंनी पदर सावरला.

म्हणजे पंप ठीक, इंजिन ठीक. गाडी गॅरेजमध्ये पैलवान आणि रस्त्यावर पेशंट.

“भाऊ, आत बसा. पेडल पूर्ण दाबा.”

लिव्हर निम्मा फिरला आणि थांबला.

“पूर्ण दाबा.”

“दाबलंय की!”

“अजून.”

“अजून काय, पाय पत्र्याच्या भाईर काढू?”

लिव्हर स्टॉपरपासून चांगला दोन बोटं लांब होता. मला वाटलं, केबल सैल पडली. ओढून पाहिली, तर अजिबात ढील नाही. मग उरलं पेडल.

मी दाराशी गेलो.

“बूट,” उत्तमभाऊ म्हणाले.

बूट काढले, मोजे काढले, सीटवर बसलो आणि पाय खाली टेकवला. पाय बुडाला. मी आयुष्यात शेकडो गाड्यांत बसलो असेन, पण गादीवर पाय ठेवून कुठली गाडी चालवल्याचं आठवत नाही.

खाली वाकून बघितलं. रबरी मॅट, तिच्यावर गोधडीचा तुकडा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा आणि सगळ्यात वर लाल काठाचा एक नवाकोरा. प्रत्येकाला नाड्या लावून सीटच्या पायाला घट्ट बांधलेलं. टाके इतके बारीक आणि सरळ की काढायला जीव होईना. पेडल पत्र्यापर्यंत पोचतच नव्हतं. अर्ध्या वाटेत गोधडीवर विसावत होतं.

“हे कुणी शिवलं?”

“मी,” सुमनबाई बाकड्यावरून कौतुकानं म्हणाल्या. “चांगलं हाय ना? ह्यांचे पाय भाजत होते. खालून लई गरम येतं. एक दबला की दुसरा शिवायचा.”

“आणि गाडी कधीपासून ओढत नाही?”

त्या उत्तर द्यायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

उत्तमभाऊंना कळायला थोडा वेळ लागला. “म्हंजी तूच गाडी अडवून राहिली होतीस?”

“मी? चप्पल घाला म्हनलं होतं का न्हाई?”

“गाडी लक्ष्मी हाय.”

“मंग लक्ष्मीला पांघरून घातलं. काहून वरडता?”

मी नाड्या सोडल्या, तुकडे बाहेर काढले आणि नीट घड्या घालून सुमनबाईंच्या हातात दिले. उत्तमभाऊंनी पेडल दाबलं. लिव्हर टक्कन स्टॉपरला टेकला.

पुन्हा चढावर गेलो. तिघंही. कित्येक महिन्यांची साचलेली काजळी सायलेन्सरनं एका दणक्यात बाहेर टाकली, मग धूर साफ झाला आणि गाडी तिसऱ्या गिअरवर वर आली. वर पोचल्यावर उत्तमभाऊंनी गाडी वळवली, खाली आले आणि गरज नसताना पुन्हा एकदा चढले.

पण पाय भाजतात हे खरं होतं, आणि तो दोष तसाच ठेवला असता तर दोन महिन्यांनी पाचवा तुकडा आला असता. गिअरच्या दांड्याभोवती एक रबरी टोपी असते. ती फाटली होती, आणि इंजिनाची गरम हवा तिथून सरळ पायावर येत होती. नवी टोपी बसवली. सायलेन्सरच्या पाइपवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कव्हर निसटलं होतं, तेही आवळलं. गोधड्या सुमनबाईंनी शेजारच्या सीटखाली अंथरल्या. तिथं पेडल नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दिलीपशेठचा फोन आला. सामान वेळेच्या आधी पोचलं होतं. हंगामाचं काम उत्तमभाऊंकडेच राहिलं. हे त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि पुढं दहा मिनिटं फुटलेल्या कपबशांबद्दल बोलले.

“मिस्तरी, त्याला काय झालं? आधी येत नव्हता, आता थांबत न्हाई!”

मी सांगितलं की गाडीची ओढ कमी झाली तर माझ्याकडे या, ड्रायव्हरची वाढली तर त्याच्या बायकोशी बोला.

आता ओढीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी बॉनेटच्या आधी दार उघडतो. अनवाणी.