सोकचोच्या पुढे न गेलेली गाडी

कोरियाच्या रोड ट्रिपचा प्लॅन विचारणाऱ्यांनो, आधीच सांगते: माझ्या प्लॅनमधला निम्मा रस्ता आम्ही पाहिलेलाच नाही. जो पाहिला तो मात्र नीट सांगते, कारण तीन वर्षं मी त्याच्यावर खपले आहे. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला, मला अमेरिकेत नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे कॅरी या तिथल्या गावातल्या आमच्या घरात प्लॅनिंगचं खातं माझ्याकडे. दर मोठ्या सुट्टीत पुणे, नागपूर, दोन्हीकडचे नातेवाईक आणि परत येताना तिघांना सर्दी. यंदा म्हटलं, एकदा तरी आपल्यासाठी जाऊ. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कोरियात आपलं कोण आहे गं?" कोणी नाही म्हणूनच, असं म्हटल्यावर ती थोडी रुसली.

आमची मुलगी इरा दहा वर्षांची. तिची शाळा वर्षभर चालते आणि ऑक्टोबरात ट्रॅक-आउटची, म्हणजे काही आठवड्यांची सुट्टी असते, नेमकी तिकडे पानं लाल होतात तेव्हा. इरा इथेच जन्मली, तिच्या अमेरिकन पासपोर्टला कोरियाचा व्हिसा लागला नाही. आम्हा दोघांना लागला. बँकेचे कागद, नवऱ्याच्या, म्हणजे निखिलच्या, कंपनीचं पत्र, सगळं जोडा आणि भरपूर वेळ हातात ठेवा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट अमेरिकेतूनच काढून न्या, आणि मूळ लायसन्सही जवळ हवं. फोनमधला नेहमीचा नकाशा तिथे गाडीसाठी रस्ता दाखवत नाही, म्हणून तिकडचं ॲप आधीच डाउनलोड करा.

माझी एकच अट होती: लॅपटॉप घरी राहील आणि फोनमधून ऑफिसच्या मेलचं ॲप काढून टाकायचं. माझ्या भावाच्या लग्नात निखिल मांडवामागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मीटिंग करत होता, ते मी विसरले नव्हते. गुरुवारी विमानतळावर त्याने माझ्यासमोर ते डिलीट केलं. मला फार बरं वाटलं.

सोलमध्ये गाडी घेऊच नका. मेट्रो उत्तम आहे आणि पार्किंग जीव खातं. शाकाहारी असाल तर बिबिमबाप म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस आणि अंडं वगळून मागा. किमची या कोबीच्या लोणच्यात मासळीचा अर्क असतो, तो मला दुसऱ्या दिवशी कळला. कळल्यावर मी दशम्या आणि दाण्याच्या चटणीवर आले आणि निखिल म्हणाला, "एवढं प्लॅनिंग अन् शेवटी चटणीच खायची होती तर कॅरी काय वाईट होतं?" तो शनिवार-रविवार आम्ही खूप हसलो. तेव्हा अमेरिकेत शुक्रवारी पाठवलेला मेल येऊन पडलेला होता, हे आता आठवलं की ते हसणंच मला सहन होत नाही.

सोमवारी गाडी घेतली. रस्ते गुळगुळीत, टोलचं कार्ड गाडीतच लावलेलं असतं, फक्त ते चालू आहे ना विचारून घ्या. महामार्गावरचे थांबे चुकवू नका, तिथे तव्यावर परतलेले छोटे बटाटे मिळतात. मंगळवारी सोराक्सान डोंगर. सकाळी लवकर पोचलात तर केबल कारची रांग परवडते. वर उघडा खडक, खाली लाल-पिवळं रान, आणि वारा इतका की इरा माझ्या जॅकेटमध्ये शिरली. संध्याकाळी डोंगरापलीकडच्या सोकचो गावात उतरलो. पुढे समुद्राकाठाने खाली ग्योंगजू, मग बुसान. समुद्र उद्यासाठी राखून ठेवला होता.

बुधवारी सकाळी गेस्टहाउसच्या काकूंनी जवाचा गरम चहा आणून ठेवला, आणि निखिलच्या फोनवर त्याच्या टीममधल्या सचिनचा मेसेज आला: "यार, बोलत का नाहीस? आपली अख्खी टीम गेली." निखिलने मेलचं ॲप फोनवर परत टाकलं. शुक्रवारचं पत्र होतं. येत्या शुक्रवारी नोकरी संपणार.

अमेरिकेत तेव्हा मंगळवारची संध्याकाळ होती. व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना फोन लागला. "शुक्रवारच्या आत परत या," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "देशात असलात तर नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. बाहेर राहिलात तर तुमच्याकडे काहीच नाही." काहीच नाही म्हणजे घर, गाडी, इराची शाळा, सगळं कॅरीत आणि आम्ही बाहेर.

तीन सीट एकत्र मिळाल्या त्या गुरुवारच्या. गाडी पुन्हा सोलकडे वळवली. काकू धावत आल्या, समुद्राकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. मी नुसती मान हलवली.

त्या रस्त्यावर एक प्रचंड लांब बोगदा आहे. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून आत रंगीत दिवे लावलेत. येताना इरा ते बघून ओरडली होती. जाताना तिने वर बघितलंही नाही. मग निखिल म्हणाला, "शनिवारी कळलं असतं तर बाकीच्यांबरोबर मीही दुसरीकडे अप्लाय केलं असतं."

"माझी अट होती म्हणून, असंच म्हणायचंय ना?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हण ना सरळ!"

"आर वी इन ट्रबल?" मागून इराने विचारलं. आम्ही दोघंही एकदम नाही म्हणालो.

अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीत ऑफिसरने निखिलला विचारलं, अजून त्याच कंपनीत का? निखिल म्हणाला, "येस, सर." खोटं नव्हतं, अजून एक दिवस होता. शिक्के बसले आणि आम्ही आत आलो.

त्यानंतर निखिलने किती अर्ज केले ते मी विचारलं नाही. इंटरव्ह्यू झाले. व्हिसाचा विषय निघाला की समोरचा माणूस गोड बोलून फोन ठेवायचा. मुदत आता संपत आलीय आणि पुण्याची तिकिटं काढली आहेत. समुद्र टाकून धावत आलो त्याचं काय मिळालं, तर घर आवरायला वेळ आणि इराला मैत्रिणींचा निरोप घ्यायला वेळ. बाहेर अडकलो असतो तर तेही नसतं, असं मी स्वतःला समजावते, पण रोज पटतंच असं नाही. अटीबद्दल निखिल पुन्हा एका शब्दाने बोललेला नाही. त्याने भांडावं असं मला वाटतं. तुम्ही व्हिसावर असाल तर जरूर जा कोरियाला, फक्त दिवसातून एकदा मेल बघा.

काल इराच्या खोलीतली पुस्तकं खोक्यात भरत होते. ती दाराशी उभी होती.

"आई, डोन्ट वरी. मी ट्वेंटी-वन झाले की तुम्हा दोघांना ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करू शकते. आय लुक्ड इट अप."

"कधी बघितलंस?"

"कोरियात. कारमध्ये."

मी बरं म्हटलं आणि तिने पुढे केलेलं पुस्तक खोक्यात ठेवलं.