तिच्या जागी रोवणा

माझा स्वभाव तापट आहे. अंगणवाडीतली पोरं मला घाबरत नाहीत, पण त्यांचे बाप घाबरतात. त्या दिवशी मात्र माझा राग ऐकून घ्यायला कोणाला वेळच नव्हता.

रोवणीचे दिवस होते. आमच्या पवनी तालुक्यात तेव्हा सगळीकडे एकदमच धानाची रोपं लावायची घाई असते, हात कमी पडतात. छत्तीसगडहून बायकांची एक टोळी आली होती आणि समाजमंदिरात उतरली होती. त्यातल्या एकीला आठवा महिना लागलेला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, चेहराही फुगलेला. डोकं दुखतं का विचारलं तर म्हणाली, "थोड़ा-थोड़ा." हे थोडं-थोडं मला चांगलं ठाऊक आहे. यातच बाई जाते आणि लेकरूही जातं.

तिला दवाखान्यात चल म्हणून मी आणि गावची आरोग्यसेविका आशाताई तीन वेळा सांगून आलो. ती मान हलवायची आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायची. चौथ्यांदा मी थेट शेतावर गेले आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ओरडले. टोळीची म्होरकी एक वयस्क बाई होती. सगळ्या तिला 'दाई' म्हणत, त्यांच्या बोलीत दाई म्हणजे आई. ती कंबर सरळ न करता म्हणाली, "दीदी, गुत्ते का काम है. एक हाथ कम हुआ तो बांधी अंधेरे तक नहीं उठेगी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होते बाई अडाणी आहे, दवाखान्याला भिते. ती दवाखान्याला भीत नव्हतीच. गुत्ता म्हणजे अख्ख्या बांधीचा, धानाच्या खाचराचा ठेका. एक बाई उठून गेली की तिचा वाटा बाकीच्यांच्या कमरेवर पडतो. सोबतिणींवर भार टाकून आपण दवाखान्यात जाऊन पडायचं, हे तिला पटत नव्हतं.

आमच्याही बायका दर साल तेलंगणात मिरची तोडायला जातात. माझी जाऊ एकदा तिकडे तापाने फणफणली होती. मी तिला विचारलं होतं, "दवाखान्यात काहून नाही गेली?" ती म्हणाली, "कोन नेते बाई? तिकडं आपन परके लोक." ते शब्द मला आजही टोचतात.

मी चपला काढल्या, मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत बांधून कमरेला खोचला, लुगडं वर खोचलं आणि बांधीत उतरले. अंगणवाडीत मदतनीस होती, म्हणून निर्धास्त होते. त्या गरोदर बाईच्या हातातली पऱ्ह्याची, रोपांची पेंडी ओढून घेतली. "अब हाथ पूरे हैं. जा."

शेतमालक धुऱ्यावर उभा होता. "बाई, तुमाले येते काय रोवाले?"

"नाही आलं तं शिकतो. तुमी ऑटो बोलवा."

त्याने मुकाट्याने बोलावला. आशाताई तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेली.

मी रोवलेली रोपं पाण्यावर तरंगायला लागली. शेजारची पोरगी हसून हसून ती पुन्हा खोचायची. थोड्या वेळाने माझी कंबर माझी राहिली नाही. पण मागे हटायचं नाही, एवढं ठरलं होतं.

दिवस कलताना फोन वाजला. आशाताई रडकुंडीला आली होती. "बाई, प्रेशर लय वाढलं हाये. डॉक्टर भंडाऱ्याले पाठवून राहिले. ॲम्बुलन्स उभी हाये, पन हे चढतच नाही! म्हणते, पयले सांगा बांधी झाली काय. घ्या, तिलेच सांगा."

अर्धी बांधी अजून कोरी होती. मी काही बोलायच्या आत दाईने चिखलाच्या हातानेच फोन घेतला.

"हो गे नोनी," ती लेकीला सांगावं तसं अगदी शांतपणे म्हणाली. "पूरा हो गे. तैं जा."

पलीकडून ॲम्बुलन्सचं दार लागल्याचा आवाज आला. दाईने फोन माझ्या हातात दिला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि वाकली. आम्हीही वाकलो.

दोन दिवसांनी भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. वजन कमी होतं, पण माय-लेकी दोघी वाचल्या. त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तिला खोटं सांगितलं आहे, आणि अंधार पडायच्या आत ते खरं करायचं आहे.